स्क्रीनवर ‘नो डेटा’: घरी बांधलेल्या विमानातल्या सिरीयल लाइनचा दोष कसा शोधायचा

जीपीएस चालू आहे, त्याच्या स्वतःच्या पडद्यावर उपग्रह दिसताहेत, पण ईफिस (विमानाची माहिती दाखवणारा मुख्य पडदा) ‘नो डेटा’ म्हणतं. किंवा ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणाऱ्या यंत्रावर) उंचीच्या जागी नुसत्या रेघा. किंवा आठ दिवस सगळं ठणठणीत चालतं आणि नवव्या दिवशी ऑटोपायलट मध्येच मान टाकतो. किटच्या विमानात ही दुखणी फिरून फिरून येतात, आणि दर वेळी हात आधी सेटिंगच्या मेन्यूकडे जातो. मेन्यूत चार बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग), सहा फॉरमॅट आणि पाच पोर्ट असतील तर १२० जोड्या होतात. वायरच तुटलेली असेल तर त्यातली एकही चालणार नाही, आणि संध्याकाळपर्यंत मूळ सेटिंग काय होतं तेही आठवत नाही.

म्हणून क्रम ठेवायचा तो असा: आधी वायर, मग व्होल्टेज, मग अक्षरं. सेटिंग शेवटी.

कागद आधी

एका यंत्राचा डेटा एकेक बिट करून दुसऱ्याकडे नेणाऱ्या या सिरीयल लाइन बहुतेक ठिकाणी आरएस-२३२ जातीच्या असतात. एका यंत्राचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) आणि दोघांची सिग्नल ग्राउंड एकमेकांना. एका दिशेच्या डेटाला दोन वायरी, दोन्ही दिशांना तीन. इतकं साधं असूनही सगळ्यात जास्त सापडणारी चूक एकच: टीएक्स टीएक्सला जोडलेला. कारण मॅन्युअलमध्ये ‘आउट’ आणि ‘इन’ हे त्या त्या यंत्राच्या बाजूने लिहिलेलं असतं. काही ठिकाणी नुसतं ‘जीपीएस डेटा’ लिहून मोकळे होतात; तो डेटा येतो की जातो हे आकृतीतल्या बाणावरून ओळखायचं.

दुसरी चूक पिन नंबरची. डी-सब (इंग्रजी ‘डी’च्या आकाराचा) कनेक्टर पुढून पाहिला तर एक नंबर डावीकडे आणि मागून, म्हणजे वायर घालायच्या बाजूने पाहिला तर उजवीकडे. मेल आणि फिमेल पुन्हा एकमेकांचे आरसे. आकृतीवर विसंबू नका. कनेक्टरच्या प्लास्टिकवर प्रत्येक भोकाशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. भिंगाखाली धरून तोच वाचा.

दोन्ही मॅन्युअल समोर ठेवून एका लाइनचा एक तक्ता करा: कुठून, कनेक्टर, पिन, कुठे, कनेक्टर, पिन, बॉड, फॉरमॅट, शील्ड (वायरीवरचं जाळीचं आवरण) कुठे जोडली. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि निम्मे दोष याच कागदावर सापडतात.

मीटर काय सांगतो

इंजिन बंद, मॅग्नेटो बंद, चाकांना उटी. विमान बॅटरीवर चालू करा. घेणाऱ्या यंत्राचा कनेक्टर काढा आणि मोजमाप त्याच टोकाला घ्या. पाठवणाऱ्याच्या टोकाला व्होल्टेज असतंच. ते पलीकडे पोचलं का, हा प्रश्न आहे. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी लीड कनेक्टरमधल्या सिग्नल ग्राउंडच्या पिनवर (विमानाच्या पत्र्यावर नाही), लाल लीड डेटाच्या पिनवर.

आरएस-२३२ची लाइन निवांत असताना ऋण व्होल्टेजवर बसलेली असते, साधारण −५ ते −१० च्या दरम्यान. डेटा सुरू झाला की मधले बिट धन बाजूला उसळतात आणि मीटरचा आकडा हलतो. सेकंदाला एकदा स्थान पाठवणाऱ्या जीपीएसच्या लाइनवर आकडा असा दिसतो: −६.१, −६.१, मग −४ कडे एक झटका, पुन्हा −६.१. हा झटका दिसला की पाठवणारा शुद्धीवर आहे, वायर अखंड आहे आणि ग्राउंडही पोचली आहे. एका आकड्यात तिन्ही गोष्टी.

आकडा −६ वर गोठलेला असेल तर पोर्ट जिवंत आहे, पण त्यावर काही पाठवायचं त्याला सांगितलेलं नाही. हा एकच प्रसंग असा की सरळ मेन्यूत जावं.

शून्य आलं तर वायर तुटलेली, ग्राउंड गायब किंवा तुम्ही आरएक्सच्या पिनवर उभे. आरएक्स ओळखायची खूण: यंत्र बंद करून, कनेक्टर काढून, यंत्राच्या पिनपासून त्याच्या सिग्नल ग्राउंडपर्यंत ओम मोजा. आरएस-२३२च्या इनपुटला आत ३ ते ७ किलोओमचा रोध असतो. मीटरवर पाचेक किलोओम दिसले तर ते बहुधा ऐकणारं तोंड.

निवांत लाइनवर +३.३ किंवा +५ दिसलं तर तो आरएस-२३२ नाही, टीटीएल सिरीयल आहे. स्वस्तातले जीपीएस मॉड्यूल हेच देतात. त्याचे बिट उलटे असतात आणि व्होल्टेज ऋण बाजूला जातच नाही. मधे मॅक्स-३२३२ सारखी लेव्हल बदलणारी चिप लागते. कधी कधी थेट जोडूनही अक्षरं येतात, पण कचरा येतो, आणि माणूस दिवसभर बॉड रेट बदलत बसतो.

दोन टीएक्स एकमेकांना भिडले असतील तर दोघेही निवांत असेपर्यंत लाइन ऋण दिसते, म्हणजे सगळं ठीक वाटतं. एक बोलायला लागला की दुसरा त्याला खाली ओढून धरतो आणि आकडा नीट उसळत नाही. संशय आला तर लाइन सोडवून दोन्ही टोकं वेगवेगळी मोजा. दोन्हीकडून स्वतंत्रपणे −६ आलं की चोर सापडला. एका टीएक्सवर दोन आरएक्स मात्र चालतात. ड्रायव्हर ३ किलोओमच्या लोडसाठी बनवलेला असतो. दोन ऐकणारे त्याला सहसा झेपतात, तीन-चार लटकवू नका.

मीटरची जाड लीड फिमेल सॉकेटमध्ये कधीही खुपसू नका. सॉकेटच्या पाकळ्या फाकतात आणि आज नसलेला लूज कॉन्टॅक्ट पुढच्या महिन्यात उगवतो. एक जादा मेल पिन वीतभर वायरला क्रिंप करून (चेपून घट्ट बसवून) ठेवा आणि तीच सॉकेटमध्ये घाला.

१२० ओमचा मोह

नाशिकमध्ये वायरिंगचा हात चांगला असलेली माणसं अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सहज भेटतात. ड्राइव्ह, मीटर, पीएलसी (यंत्रं चालवणारा कारखान्यातला संगणक) यांची पॅनेलं बांधून त्यांची बोटं तयार झालेली असतात, फेरूल आणि नंबरिंग इतकं नेटकं की बघत राहावं. पण हा हात आरएस-४८५वर बसलेला आहे. तिथे ए-बी अशी जोडी असते आणि लांब लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओम लागतो. तीच सवय इथे आणून आरएस-२३२च्या डेटा आणि ग्राउंडमध्ये १२० ओम टाकला की ३ किलोओमसाठी बनलेला ड्रायव्हर पार बसतो आणि −६ चा आकडा कुठच्या कुठे घसरतो. आरएस-२३२ला टोकाला रेझिस्टर लागत नाही.

‘कॅन बस’ला (अनेक यंत्रांना जोडणाऱ्या सामाईक दोन-तारी लाइनला) मात्र लागतो. काही ईफिस संच आपली मोड्यूल कॅनवर जोडतात. तिथे बसच्या दोन टोकांना, फक्त दोनच ठिकाणी, १२० ओम. सगळी वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांमध्ये मोजा. ६० आले तर बरोबर. १२० आले तर एक टोक उघडं. ४० आले तर मधल्याच कुठल्या तरी मोड्यूलमध्ये तिसरा टर्मिनेटर राहून गेलाय. कॅनची गंमत म्हणजे एक टर्मिनेटर कमी असला तरी टेबलावर सगळं चालतं. विमानात वायर लांबली की चुका दिसू लागतात.

त्याच पॅनेलवाल्यांना आणखी एक सांगावं लागतं: पीव्हीसीची वायर नको. जळाली तर बंद कॉकपिटमध्ये तिचा धूर श्वास कोंडवतो. टेफझेल इन्सुलेशनची, कल्हईच्या तारेची २२ गेज वायर वापरायची.

लॅपटॉप लावून अक्षरं वाचणे

व्होल्टेज ठीक असेल तर पुढची पायरी यूएसबी-सिरीयल केबल. नऊ पिनांच्या कनेक्टरची, आरएस-२३२ लेव्हलची घ्या; हॉबीच्या दुकानात मिळणारी उघडी छोटी पट्टी बहुधा टीटीएलची असते. विमानाला लावण्याआधी केबलचीच परीक्षा: २ आणि ३ नंबरची पिन एकमेकांना जोडा, टर्मिनल प्रोग्राममध्ये काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत पडद्यावर उमटलं तर केबल चांगली. मग पिन २ विमानातल्या टीएक्सला, पिन ५ सिग्नल ग्राउंडला. पिन ३ मोकळी ठेवा, आपल्याला फक्त ऐकायचंय. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवरच चालवा. चार्जर लावला की त्याची गळती ग्राउंडमधून फिरते आणि नसलेले दोष दाखवते.

९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट इथून सुरुवात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या स्वल्पविरामांच्या ओळी दिसल्या तर एनएमईए (जीपीएसचा नेहमीचा मजकुरी फॉरमॅट). जुनं एनएमईए ४८०० वर असतं. झेड, ए, बी, सी, डी अशा एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या आखूड ओळी दिसल्या तर ‘एव्हिएशन’ फॉरमॅट: झेडमध्ये उंची, ए आणि बीमध्ये अक्षांश-रेखांश, सीमध्ये ट्रॅक, डीमध्ये जमिनीवरचा वेग. कुठल्याच बॉडला अर्थ लागला नाही तर दोष असेलच असं नाही. एडीएस-बीसाठीचे (विमानाने स्वतःचं स्थान प्रसारित करण्यासाठीचे) फॉरमॅट बायनरी असतात, ते टर्मिनलवर कचऱ्यासारखेच दिसतात.

इथे एक फसगत नेहमीची. एनएमईएमधल्या आरएमसी नावाच्या ओळीत वेळेनंतर एक अक्षर असतं: ए म्हणजे स्थान मिळालंय, व्ही म्हणजे नाही. पत्र्याच्या शेडखाली उभ्या विमानाचं जीपीएस व्ही पाठवत राहतं, आणि ईफिस किंवा ऑटोपायलट तो डेटा फेकून देतो. वायर शाबूत, बॉड बरोबर, फॉरमॅट बरोबर, तरी ‘नो डेटा’. विमान बाहेर ढकला, उघड्या आभाळाखाली दहा मिनिटं थांबा आणि मग ठरवा.

दुसरी फसगत जागेची. ४८०० बॉडला एका अक्षरामागे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. जीजीए आणि आरएमसी या दोन ओळी मिळून साधारण १४५ अक्षरं. सेकंदाला एकदा पाठवलं तर आरामात मावतं. कुणीतरी हौसेने अपडेट ५ हर्ट्झ केला की ७२५ अक्षरं लागतात आणि नळी भरून वाहते: ओळी अर्ध्यावर तुटतात, शेवटचा चेकसम (ओळ शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) जुळत नाही, नकाशावरचं विमान मागे रेंगाळतं. बॉड ९६०० करा म्हणजे ९६० ची जागा मिळते, आणि उपग्रहांची यादी देणाऱ्या नको त्या ओळी बंद करा.

उंचीचा डेटा: नाशिकची सोय

ट्रान्सपॉन्डरला एन्कोडरकडून (हवेच्या दाबावरून उंचीचा आकडा देणाऱ्या यंत्राकडून) किंवा ईफिसकडून सिरीयल उंची मिळते. यातले दोन फॉरमॅट वारंवार एकमेकांशी गोंधळतात, ‘आयकॅरस’ आणि ‘शॅडिन’. दोन्ही ९६०० वर चालतात, पण एकाची ओळ दुसऱ्याला कळत नाही. दोन्ही टोकांना एकच नाव हवं.

समुद्रकाठच्या विमानतळावर शून्याच्या आसपासचा आकडा खरा की बिघाडाचा हे कळत नाही. आपल्याकडे तो प्रश्न नाही. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, म्हणून जमिनीवर शून्य दिसलं तर बिघाडच. मात्र हा आकडा कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून येतो. अल्टीमीटरच्या खिडकीत तुम्ही काय लावलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पावसाळ्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) १००३ वर उतरला की दहा हेक्टोपास्कलचे २८० च्या आसपास फूट वाढतात आणि ट्रान्सपॉन्डर ०२२, म्हणजे २,२०० फूट, दाखवतो. तो बिघाड नव्हे. तपासायचं तर अल्टीमीटर १०१३ वर लावा आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा. १२५ फुटांपेक्षा जास्त फरक पडला तर सिरीयल लाइन सोडून स्टॅटिकच्या (बाहेरच्या हवेचा दाब आत आणणाऱ्या) नळीकडे वळा. हँगरमध्ये उभ्या विमानाच्या स्टॅटिकच्या भोकात कुंभारीण माशीला मातीचं घर करायला आठवडाही लागत नाही.

येतो-जातो प्रकार

हा खरा छळ. यातले बहुतेक दोष क्रिंपमध्ये असतात. साध्या डी-सबच्या मशीन केलेल्या पिना, एम३९०२९/६३-३६८ सॉकेट आणि एम३९०२९/६४-३६९ मेल, यांना चार बाजूंनी दाबणारं एम२२५२०/२-०१ जातीचं क्रिंपर आणि त्याचं २-०८ पोझिशनर लागतं. पक्कडीने चेपलेली पिन मीटरवर पास होते आणि इंजिनाच्या थरथरीत नापास. पिनच्या बारीक भोकातून आतली तार दिसलीच पाहिजे. पिन कनेक्टरमध्ये बसवल्यावर वायर मागे ओढा. बाहेर आली तर तिची खटक बसलीच नव्हती. समोरचा कनेक्टर लावताना अशी पिन मागे सरकते आणि कधी टेकते, कधी नाही.

बाजारात सहज मिळणारे डाख देण्याचे डीबी-९ टेबलावरच्या कामाला ठीक. विमानात डाखाचं कथील तारेत वर चढतं, तिथे तार कडक होते आणि नेमकी त्या रेषेवर तुटते. वापरायचेच तर मागे वायर पट्टीने घट्ट धरलेली हवी.

ट्रेमध्ये सरकवून बसणाऱ्या रेडिओ-ट्रान्सपॉन्डरचा दोष वेगळा. समोरच्या भोकातला ॲलन स्क्रू आवळला की यंत्र मागे ओढलं जातं आणि मागचा कनेक्टर पूर्ण बसतो. हा स्क्रू बहुतेक ३/३२ इंचाचा, म्हणजे २.३८ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातल्या मेट्रिक संचात २.५ ची चावी आत जात नाही आणि २ ची आत फिरून कडा खाते. मग माणूस ‘बसला असेल’ म्हणून सोडून देतो, आणि पहिल्याच दणकेदार लँडिंगला डेटा जातो. ३/३२ची एक चावी विमानातच ठेवा.

हलवून बघायची पद्धत: एकाने लॅपटॉपवर ओळींकडे डोळे लावायचे, दुसऱ्याने वायरींचा जुडगा टोकापासून वितावितानं हलवत जायचं. ओळ तुटली की थांबा, तिथेच पुन्हा हलवा. सकाळी सापडला नाही तर दुपारी कॅनोपी बंद ठेवून उन्हात तापलेल्या विमानात पुन्हा करा.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांजवळ विमान उभं असेल तर आणखी एक शत्रू. भुरीवर धुरळतात ते गंधक तांब्याला आणि चांदीला काळं करतं. सोन्याच्या मुलाम्याच्या पिना तगतात. स्विच आणि रिलेच्या चांदीच्या कॉन्टॅक्टना आणि तारेच्या उघड्या टोकांना ते सोसत नाही. मोकळ्या कनेक्टरांना टोप्या लावा, साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. गंजाचा तेलकट स्प्रे नको.

फक्त इंजिन चालू असताना, फक्त बोलताना

सगळे लोड चालू करा: दिवे, स्ट्रोब, पिटो हीट (वेगमापकाच्या नळीचा हीटर). मीटर मिलिव्होल्टवर लावून दोन यंत्रांच्या ग्राउंडमधलं व्होल्टेज मोजा. दहा-वीस मिलिव्होल्ट असले तर सोडून द्या. अर्ध्या व्होल्टकडे गेलं तर ग्राउंडचा बोल्ट, लग, गंज तपासा. टीटीएल लाइन असेल तर तिला एवढंही परवडत नाही.

इथेच एक गोष्ट पोर्ट जाळते. यंत्राची पॉवर ग्राउंड सुटली तर त्याचा सगळा प्रवाह सिरीयलच्या बारीक सिग्नल ग्राउंडमधून परतीची वाट शोधतो. यंत्र चालूच राहतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण ती वायर गरम लागते आणि एक दिवस दोन्हीकडचे पोर्ट जातात. नवीन यंत्र बसवताना आधी पॉवर ग्राउंड, मग बाकी सगळं.

स्टार्टर फिरताना विजेची मुख्य बस ८-९ व्होल्टपर्यंत खाली येते. एखादं यंत्र रीबूट होतं, दुसरं तगून राहतं. काही यंत्रं समोर कोण आहे हे फक्त चालू होताना बघतात, मग मागाहून उठलेला त्यांच्या लेखी नसतोच. इंजिन सुरू झाल्यावरच एव्हिऑनिक्सचा खटका, नाहीतर बॅकअप बॅटरी.

पीटीटी (रेडिओवर बोलायचं बटण) दाबल्यावर डेटा जात असेल तर रेडिओच्या अँटेनाच्या जागी ५० ओमचा डमी लोड लावून दाबा. तरीही डेटा गेला तर दोष वीज किंवा ग्राउंडमधला. डमी लोडवर डेटा टिकला तर अँटेनातून निघालेली लहर वायरीत शिरतेय. १२७ मेगाहर्ट्झची पाव लहर ५९ सेंटिमीटर, आणि पॅनेलमागची सिरीयल वायर नेमकी एवढीच असते. न मागता अँटेना तयार. शील्ड आणि कनेक्टरच्या धातूच्या कवचाची जोडणी मॅन्युअलमध्ये दाखवलीय तशीच आहे का बघा, अँटेनाचा बीएनसी पुन्हा क्रिंप करा, कोॲक्स सिरीयलच्या जुडग्यातून बाहेर काढा. फायबरच्या विमानात अँटेनाखाली ग्राउंड प्लेन म्हणून पत्रा किंवा जाळी हवीच. अँटेना लावलेली असताना उगाच बटण दाबून चाचणी करू नका, ओझर विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर तर मुळीच नाही. नेहमीच्या रेडिओ कॉलच्या वेळी शेजारच्याला पडदा बघायला सांगा.

अरिंक-४२९ असेल तर

मोठ्या जीपीएस नॅव्हिगेटरकडून ऑटोपायलटला वळणाची आज्ञा बहुधा अरिंक-४२९ या विमानांसाठीच्या डेटा लाइनवर जाते. पिळलेली, शील्ड असलेली जोडी, एक पाठवणारा आणि जास्तीत जास्त २० ऐकणारे, एकाच दिशेने. ए आणि बी उलटले तर डेटा शून्य. मीटरने तुटलेपणा कळतो, उलटापालट कळत नाही, म्हणून पिन कागदाशी ताडून पाहा. वेग दोनच: सेकंदाला १२.५ किलोबिट किंवा १००. दोन्ही टोकांना एकच लावा. इथेही १२० ओम नाही.

दोष सुटल्यावर सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर पोर्टची मांडणी मूळ पदावर गेलेली आढळते. काय बदललं ते लॉगबुकात तारखेसह लिहा. वायरींच्या दोन्ही टोकांना छापील स्लीव्ह चढवा, आणि सुरुवातीला केलेला तो तक्ता सुधारून एक प्रत विमानाच्या कागदपत्रांत, एक पॅनेलच्या झाकणाला आतून, प्लास्टिकच्या पाकिटात.